पुण्याच्या बागांतील षट्पद

पुणेकरांची बागेची हौस गावातील स्थळांच्या नावांतच दिसून येते. तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग, रमणबाग, हिराबाग, मोतीबाग, सारसबाग ही नावे ऐकून परगावचा मनुष्य पुण्यास आला, तर हे शहर म्हणजे दुसरे नंदनवनच असेल अशी त्याची समजूत व्हावी. प्रत्यक्षात तुळशीबागेत श्रीरामाचे देऊळ व त्याभोवती बाजार आहे, बेलबागेत विष्णूचे देऊळ आहे आणि रमणबागेत शाळा आहे. सारसबाग तेवढी आपल्या नावास जागून राहिली आहे. परंतु बागा गेल्या तरी हौस गेलेली नाही. वाडे पडले, परसू गेले, आड बुजले. तरी तिसऱ्या मजल्यावरील हातभर सज्जात तुळस, कढीलिंब, गवती चहा, मोगरा, जास्वंद आणि गुलाबाचे एखादे कलम नाही, असे बिऱ्हाड पेठांतून क्वचितच आढळेल.

जेथे झाड तेथे कीटक, हा सृष्टीचा नेम आहे. मजला कितवा, हे तो पाहत नाही. आपल्या घरांतून मात्र कीटक दिसला की पुढचा विधी ठरलेला असतो. पूर्वी तो वहाणेने होत असे, हल्ली झुरळांसाठी आणलेल्या फवाऱ्याने होतो. त्या झाडावर कोण बसले होते आणि ते तेथे काय करीत होते, ही चौकशी कोणी करीत नाही. वस्तुतः आपल्या कुंड्यांवर येणाऱ्या जीवांपैकी खरोखर उपद्रवी असे थोडेच. बाकीच्यांपैकी पुष्कळसे नुसते पांथस्थ असतात आणि काही तर आपण होऊन राखणीस आलेले असतात. दुर्दैव असे की, हे राखणदार आकाराने मोठे, रंगाने उठावदार व चालीने चपळ असल्यामुळे प्रथम दृष्टीस पडतात आणि प्रथम मारले जातात. खरे चोर पानाच्या पाठीशी स्वस्थ बसून राहतात. दुसरीही एक गोष्ट आहे. तुळशीचे पान सकाळी नैवेद्यावर जाते आणि संध्याकाळी मुलाच्या काढ्यात जाते. त्या पानावर आदल्या दिवशी जे उडविले असेल तेही त्याबरोबर जाते. म्हणून घरातील कर्त्या पुरुषाने व गृहिणीने या जीवांची ओळख करून घेणे ही केवळ करमणुकीची बाब नव्हे.

ओळख पायांपासून करावी. पाठशाळेत अमरकोश घोकताना भ्रमराच्या नावांत 'द्विरेफ' हे नाव आले म्हणजे मुलांस मौज वाटे. भ्रमर या शब्दात दोन रेफ, म्हणून तो द्विरेफ. हे नाव शब्दावरून पडले, प्राण्यावरून नव्हे. परंतु त्याच प्रकरणातील 'षट्पद' हे नाव मात्र डोळे उघडे ठेवून दिलेले आहे. कीटक तितके सारे षट्पदच. आठ पाय दिसले की तो कोळी किंवा कोळ्याचा भाऊबंद समजावा. मृगाच्या पहिल्या सरींनंतर पर्वतीच्या पायथ्याशी मखमलीचा तांबडा मणी चालत असावा असा जो मृगाचा किडा दिसतो, ज्यास संस्कृत कवी इंद्रगोप म्हणतात, तोही आठ पायांचाच. म्हणजे काटेकोर बोलावयाचे तर तो किडाच नव्हे. मुलांनी तो तळहातावर घेतला तर काही बिघडत नाही. पावसाळ्यात न्हाणीघरात शिरणाऱ्या वाण्यास पाय शेकड्याने. तो पालापाचोळा खाऊन राहतो आणि स्पर्श होताच चक्राकार वळून पडतो. पायांनंतर पंख मोजावे. मधमाशीस व गांधीलमाशीस पंख चार, माशीस दोन. हा भेद लहान दिसतो, पण तो पुढे फार उपयोगी पडेल.

आता घरापासूनच आरंभ करू. फेब्रुवारी-मार्चात काळा कुळकुळीत, निळसर चमक मारणाऱ्या पंखांचा मोठा भुंगा सज्जाच्या बांबूभोवती घोंघावू लागतो आणि बायकामुले आत पळतात. लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोमल पाकळ्यांत अडकून पडतो, हे सुभाषित आपण सर्वांनी पाठ केले आहे. ज्याने ते रचले त्याने हाच भुंगा पाहिला असला पाहिजे, कारण लाकडात वाटोळे भोक पाडून घर करणारा तो हाच. नराला नांगीच नसते. मादीस असते, पण मुठीत धरल्यावाचून ती सहसा डसत नाही. हा भुंगा वांगी, टोमॅटो, भोपळा यांच्या फुलांवर परागाची ने-आण करितो. वासा जुना व मोलाचा असेल तर भोक लांबी भरून बुजवावे. त्यासाठी भुंग्याचा जीव घेण्याचे कारण नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात, तसबिरीच्या मागे किंवा पुस्तकांच्या फडताळात मातीची लहानशी मडकी जी चिकटविते ती कुंभारीण. तिची कंबर दोऱ्याएवढी बारीक, आणि चिखल लिंपताना तिचा गुणगुण असा आवाज चाललेला असतो. आपल्या वेदान्तग्रंथांतील कीटभ्रमरन्याय हिच्याच घरात जन्मला आहे. भ्रमरी अळीस आणून घरट्यात कोंडते. ती अळी भयाने अहर्निश भ्रमरीचेच चिंतन करिते आणि शेवटी स्वतः भ्रमरी होऊन बाहेर पडते. तद्वत् ईश्वराचे चिंतन करणारा जीव ईश्वररूप होतो. दृष्टांत सुंदर आहे आणि त्यातील निरीक्षणही खोटे नाही, कारण आत अळी जाते व बाहेर कुंभारीण येते, हे कोणासही दिसेल. मधला भाग तेवढा मातीच्या भिंतीआड झाकलेला. तो फोडून पाहिला म्हणजे कळते की, कुंभारीण अळीस नांगी मारून निश्चेष्ट करिते, मारीत नाही. आत एक अंडे घालून तोंड बंद करिते. अंड्यातून निघालेले पोर ती ताजी शिदोरी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर मडके फोडून निघून जाते. कुंभारणींचा दुसरा एक वंश अळ्यांऐवजी कोळी भरून ठेवितो. हा प्रकार ज्याने जन्मभर चिकाटीने पाहिला तो फ्रान्सातील झाँ आन्री फाब्र (१८२३–१९१५) हाही शाळामास्तरच होता. १८७९ साली सेरिन्यां गावी त्याने दगडधोंड्यांची एक पडीक जागा विकत घेतली आणि पुढील छत्तीस वर्षे तेथील कीटक पाहण्यात घालविली. पेन्शनीत निघालेल्या आमच्या व्यवसायबंधूंनी त्याचे चरित्र अवश्य वाचावे. सांगावयाचा मुद्दा हा की, कुंभारीण माणसाच्या वाटेस जात नाही. आपल्या भाजीवरच्या अळ्या ती उचलून नेते आणि भाडे म्हणून भिंतीवर चिमूटभर चिखल ठेविते.

कढीलिंबावरील अळीकडे वळू. प्रथम ती पानावर पडलेल्या पाखराच्या विष्ठेसारखी दिसते आणि याच सोंगाने ती पाखरांपासून वाचते. मोठी झाली की हिरवीगार होते, मानेच्या वर डोळ्यांसारखे ठिपके उमटतात आणि काडीने डिवचले तर डोक्यामागून तांबूस रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. हे पाहून घरातील मुली किंचाळतात. शिंग टोचत नाही, अळी चावत नाही, आणि तो वास मुंग्यांना व पाखरांना भिवविण्यापुरताच आहे. पंधरा-वीस दिवसांत तिचा कोष होतो व त्यातून पांढऱ्या ठिपक्यांचे काळे फुलपाखरू निघते. लिंबाच्या कुंडीवरही हिच्याच चुलत बहिणी असतात. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ज्यास राज्य फुलपाखराचा मान दिला ते ब्ल्यू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. तेव्हा लिंबावरील अळी चिमट्याने धरून नळाखाली सोडताना आपण कोणास बुडवितो आहो याची खात्री असलेली बरी. कढीलिंबाची दहावीस पाने जातील हे खरे. पण ते झाड इतके चिवट आहे की, पाऊस पडताच नवी पालवी काढते. फार लहान रोपावर तीनचार अळ्या असतील तर त्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्या.

शनिवारी मारुतीस माळ घालण्यासाठी रुईची पाने तोडणारांस काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक गुळगुळीत अळी ठाऊक असेल. रुईचा चीक तिच्या अंगात मुरलेला असतो. म्हणून पाखरे तिला शिवत नाहीत आणि म्हणूनच ती इतके भडक लुगडे नेसून उजळ माथ्याने फिरते. कण्हेरीवरही अशीच एक अळी असते. तिचा कोष पानाखाली लोंबतो तो चांदीचा मुलामा दिल्यासारखा लखलखतो. एकदा तो पाहिला म्हणजे कण्हेर झाडण्याची इच्छा कोणास होणार नाही.

येथे एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. गुळगुळीत अळीस भिण्याचे कारण नाही. केसाळ सुरवंटास मात्र कोणी हात लावू नये. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात त्यांचे थवेच्या थवे बसतात आणि अंगास लागले तर खाजेने जीव नकोसा होतो. तसेच पावसाळ्याच्या उत्तरार्धात जास्वंदीच्या पाकळ्या कुरतडणारे, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले हिंगे बोटाने चिरडू नयेत. त्यांच्या अंगातील रसाने कातडीवर फोड येतात. यांची भडक रंगसंगती पाहून मुले हटकून हात पुढे करितात, म्हणून हे आधी दाखवून ठेवावे.

खरे युद्ध मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्याशी असते. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यावर किंवा घेवड्याच्या वेलावर खसखशीसारखे जे दाटीने चिकटलेले असते तो मावा. तो रस शोषितो, अंगातून चिकट गोड द्रव टाकितो आणि त्या द्रवासाठी मुंग्या त्याला गाईसारखा राखतात. मुंग्यांची रांग शेंड्याकडे जाताना दिसली की मावा आहे असे समजावे. पुण्याच्या मुंग्यांस एक मानही आहे. जंगलखात्यातील अधिकारी रॉटन यांनी त्या वेचून युरोपातील पंडितांकडे पाठविल्या आणि १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'अवर अँट्स' ही लेखमाला लिहिली. त्यामुळे कित्येक मुंग्यांच्या शास्त्रीय वर्णनात पुण्याचे नाव कायमचे नोंदले गेले आहे.

माव्यावर तीन राखणदार येतात. पहिला ढालकिडा. पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेला नारिंगी, अर्ध्या वाटाण्यासारखा हा भुंगेरा सर्वांस आवडतो. पण त्याचे पोर कोणी ओळखत नाही. ते लांबट, काळपट, अंगावर पिवळे-पांढरे ठिपके असलेले, सहा पायांनी सरसर चालणारे, थेट सुसरीच्या पिलासारखे दिसते. हे भयंकर ध्यान पाहून गृहिणी तेच आधी चिरडतात. आणि मावा खाण्यात तर ते पोर आईबापांच्याही वरताण असते. दुसरी सिरफिड माशी. अंगावर मधमाशीसारखे पिवळे पट्टे, परंतु पंख मोजले तर दोनच. हवेत एका जागी स्थिर राहून ती फुलापुढे जणू ध्यान लाविते. तिला नांगी नाही. तिची बिनपायांची हिरवट अळी माव्याच्या कळपात शिरून एकेकास उचलते व रस पिऊन टरफल टाकून देते. तिसऱ्याविषयी पुढे येईल.

ढालकिड्यांतही एक घरभेदी आहे, हे सांगितले नाही तर वांगी लावणारे मला दोष देतील. वांग्याच्या पानाची जाळी करणारा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला. त्याच्या पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात, पण ते मोजीत बसण्याचे कारण नाही. राखणदाराची पाठ घासलेल्या पितळेसारखी चकचकीत असते. या घरभेद्याची बारीक लवेमुळे मंद दिसते. शिवाय याचे पोर पिवळे व काटेरी असते.

जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाची हकीकत याहून नाटकी आहे. पांढरे पीठ माखलेले ते ढेकूण फांदीच्या बेचक्यात ठाण मांडून असतात. त्यांच्यातच एखादा दुप्पट मोठा, लांब पांढऱ्या झिरमिळ्यांचा व लगबगीने चालणारा 'ढेकूण' दिसला तर थांबावे. तो ढेकूण नव्हे; १८९८ साली ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानात आणलेल्या एका तपकिरी ढालकिड्याचे ते पोर आहे आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचे अन्न. एपफ्लाय नावाच्या लहानशा फुलपाखराची अळीही ढेकणांचेच पीठ अंगास फासून त्यांच्यात बसते आणि त्यांसच खाते. फुलपाखराच्या जातीत मांसाहारी अळी हा मोठा अपवाद समजला जातो. तिचा कोष भिंगातून पाहावा: हुबेहूब माकडाचे तोंड. आमच्या घरी हा कोष दिसल्यापासून मुले जास्वंदीस 'मारुतीचे झाड' म्हणू लागली आहेत आणि त्या झाडावर काही उडविण्याची कोणाची छाती नाही.

घरच्या कुंड्या पाहून झाल्या म्हणजे एखाद्या सकाळी घोडदौडीच्या मैदानाजवळील एम्प्रेस बागेत जावे. सुमारे ३९ एकरांची ही बाग १८३० साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे. तेथील गारंबीचा अजस्र वेल प्रेक्षणीय असून २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. प्रदर्शनातील गुलाब सारेच पाहतात. आपण गुलाबाची पाने पाहावी. काही पानांच्या कडेस कात्रीने कापल्याप्रमाणे स्वच्छ अर्धवर्तुळे काढलेली दिसतील. अळीने कुरतडलेली कड वेडीवाकडी असते. ही नीट असते, कारण हे काम एका एकट्या राहणाऱ्या लहानशा मधमाशीचे आहे. ती हे तुकडे खात नाही. भिंतीच्या भोकात किंवा पोकळ काडीत त्यांची सुरळी करून आत परागाची गोळी ठेविते, अंडे घालते आणि वर पानाचेच झाकण लाविते. झाडास याने यत्किंचितही अपाय होत नाही. तरी गुलाबाचे कित्येक शौकीन हे अर्धचंद्र पाहून घाबरतात व फवारणीचा पंप उचलतात.

तिसरा राखणदार येथेच भेटावा. पानाच्या खाली केसासारख्या बारीक देठांवर मोहरीहून लहान पांढरे मणी ओळीने उभे असलेले दिसले तर ती बुरशी समजून पुसू नये. ती क्रायसोपा या पोपटी, जाळीदार पंखांच्या व सोनेरी डोळ्यांच्या नाजूक कीटकाची अंडी होत. पहिले निघालेले पोर बाकीची अंडी खाऊन टाकण्याचा संभव, म्हणून आई प्रत्येकास वेगळ्या देठावर ठेविते. माव्याचा हा कर्दनकाळ आहे. जपानातील लोक या अंड्यांस 'उदोंगे' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'उदुंबर' शब्दाचाच अपभ्रंश आहे. तीन हजार वर्षांतून एकदा उदुंबरास फूल येते अशी बौद्ध समजूत. ही अंडी पाहून ते फूल म्हणजे हेच, असे लोकांस वाटले. आपणही दुर्मीळ भेटीस उंबराचे फूल म्हणतो. वास्तविक उंबराचे फूल नित्य येते, पण ते फळाच्या आत असते. ज्या चिलटासारख्या किड्यांमुळे आपण उंबर खाण्यास कचरतो ते किडे आत शिरतात म्हणूनच त्या फुलांत परागसिंचन होते. त्यांच्यावाचून औदुंबरास बीज धरले नसते.

तेथून बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यास जावे. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत विद्वानांच्या नावांसाठी प्रसिद्ध आहे. कीटकांच्या संबंधाने मात्र तिचे नाव कोणी घेत नाही. साताऱ्यास १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन ऐटकिन हे तरुणपणी येथे लॅटिन शिकवीत असत. पुढे ते कस्टम्स व मीठ खात्यात गेले आणि 'ईहा' या सहीने लिहू लागले. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते आणि त्याच वर्षी त्यांचे 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक निघाले. सरहद्दीवरील टोळ्या म्हणजे बंगल्याभोवतालच्या मुंग्या, बेडूक, पाली, कोळी! त्यांच्या लेखणीस साहेबी थट्टेचा वास आहे व आपल्या लोकांविषयी त्यांनी केलेले विनोद सर्वांस रुचतील असे नाहीत. पण बंदूक न घेता, नुसते आरामखुर्चीत बसून भोवतालचे जीव कसे पाहावे हे त्यांच्याकडून शिकावे.

आता ज्या कीटकासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे येतो. वेताळ टेकडीच्या उतरणीवर किंवा मुठेच्या काठी पावसाळ्यात फिरावयास जाणारांस गाजर गवत, अथवा लोक ज्यास काँग्रेस गवत म्हणतात ते, नवे नाही. या परदेशी तणाची हिंदुस्थानातील पहिली शास्त्रीय नोंद पुण्याचीच आहे. येथील उकिरड्यांवर ते वाढलेले पाहून राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली टिपण प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले असे सांगतात. ते कसेही आले असो, येथून ते देशभर पसरले, आणि त्याच्या स्पर्शाने कातडीस खरूज व परागाने दमा, हे आपल्या घरोघर शिरले. त्याचा नैसर्गिक शत्रू म्हणून मेक्सिकोतील एक भुंगेरा १९८३ साली बंगलोरास आणला आणि तपासणीनंतर १९८४ साली मोकळा सोडला. शास्त्रीय नाव झायगोग्रामा. आकार ढालकिड्याहून किंचित मोठा, पाठ दुधाळ पांढरी व तीवर तपकिरी नागमोडी रेघा. पुढे तो महाराष्ट्रातही पसरला.

१९९१ साली कर्नाटकात त्याच्यावर किटाळ आले. सूर्यफुलाच्या पानांवर तो बसलेला व पाने खाताना आढळला. मग काय! परदेशी किडा पिकावर उठला अशी हाकाटी झाली, त्यास सोडण्याचे काम थांबविण्यात आले आणि सरकारने चौकशी समिती नेमली. संशोधकांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा जे निष्पन्न झाले ते न्यायाधीशांनीही वाचण्यासारखे आहे. शेताच्या बांधावरील गाजर गवताचा पराग वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसला होता, आणि त्या परागाच्या ओढीने भुंगेरा पान कुरतडीत होता. नुसत्या सूर्यफुलावर त्याची वंशवृद्धी होत नाही. आरोपी घटनास्थळी सापडला हे खरे, पण त्यास तेथे आणणारा दुसराच होता. शेवटी तो दोषमुक्त ठरला. तरी आजही टेकडीवर फिरणारी सुशिक्षित मंडळी गवतावर हे भुंगेरे घोळक्याने पाहून 'ही कीड आता बागेत शिरणार' म्हणून पायाखाली रगडताना मी पाहतो. तो भुंगेरा आपल्या गुलाबास किंवा तुळशीस तोंडही लावीत नाही.

हा प्रश्न कुंड्यांपुरता नाही. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पडला आणि हां हां म्हणता दक्षिण महाराष्ट्राचा ऊस पांढरा झाला. फवारण्या झाल्या, पण दहा फूट उंच उसात औषध पोचणार किती? तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा दोन कीटकांचा होता: कोनोबाथ्रा (आता त्यास डिफा म्हणतात) या पतंगाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हा क्रायसोपाचा आप्त. आपल्या मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेसारख्या संस्थांनी हे मित्रकीटक वाढवून शेतकऱ्यांस पुरविले. ज्या शेतकऱ्यास ती अळी ओळखता आली त्याने फवारणी थांबवून ती पाने शेजाऱ्यास दिली. ज्यास ओळखता आली नाही त्याने माव्याबरोबर तीही मारली. याच्या उलट चित्र २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर विषारी औषधे फवारताना वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपण पुण्यात सज्जातील तुळशीवर जे उडवितो ते याच जातीचे द्रव्य, प्रमाण तेवढे कमी.

मग माव्यास करावे काय, असे आमच्या सूनबाई विचारतात तसे वाचकभगिनीही विचारतील. प्रथम शेंडा उलटा करून राखणदार आले आहेत का ते पाहावे. आले असतील तर आठ दिवस हात आवरावा. नसतील तर सकाळी पिचकारीने पाण्याची जोरदार धार मारावी. पडलेला मावा सहसा परत चढत नाही. फारच झाले तर साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळीचा अर्क, तोही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, आणि फुले सोडून शिंपडावा. एखादी फांदी पिठ्या ढेकणांनी भरून गेली तर कापून टाकावी. मधमाश्यांविषयी मात्र धाडस नको. उंच इमारतीच्या छज्जास लोंबणारे आग्या माशीचे पोळे निरुपद्रवी नव्हे. त्यास दगड, धूर, फवारा काहीच करू नये. माश्या ऋतू संपताच आपण होऊन उठून जातात. मधमाश्यांची अधिक माहिती हवी असणाऱ्यांसाठी १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था गणेशखिंड रस्त्यावर आहे.

पाहावयास केव्हा जावे हेही सांगतो. मृगाचा किडा पहिल्या चांगल्या पावसानंतर दोनचार दिवसच दिसतो, आणि तोही सकाळी. कढीलिंबावरील अळ्या आषाढापासून आश्विनापर्यंत; माव्याचे व ढालकिड्यांचे दिवस थंडीचे, शेवंती व घेवडा फुलू लागला की. मेक्सिकोचा भुंगेरा आषाढ-श्रावणात टेकडीवर विपुल असतो, दिवाळीनंतर तो मातीत शिरून झोपतो. दहा पट मोठे दाखविणारे भिंग एक पुरे. डबी नेऊ नये. डबीत घातलेला कीटक काही दाखवीत नाही, पानावर सोडलेला सारे दाखवितो. आणि ज्यांस गाजर गवताची बाधा होते त्यांनी भुंगेरा पाहताना पुऱ्या बाह्यांचा सदरा घालावा व गवतास हात न लावता वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहावे.